विश्लेषण : विकत घेतलेले गाणे खरेच आपले असते का? फाइलला कुलूप आहे की नाही, कसे तपासावे?

कॅसेटचे दुकान बंद पडले, तरी घरातली कॅसेट वाजत राहते. ऑनलाइन विकत घेतलेल्या गाण्याचे तसे होईलच असे नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यामागे हेच कारण आहे. ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळणार असेल, तर विक्रेत्याला ते स्पष्ट सांगावे लागते. नुसते ‘खरेदी करा’ असे म्हणता येत नाही. कायमस्वरूपी डाउनलोड करून इंटरनेटविना वापरता येणाऱ्या फाइलींना यातून सूट आहे.

डीआरएम म्हणजे काय?

डीआरएम म्हणजे फाइलला घातलेले डिजिटल कुलूप. फाइल तुमच्या संगणकावर असते, पण खाते आणि उपकरण अधिकृत असल्याची खात्री पटल्यावरच ती वाजते. अ‍ॅपलने २००३ मध्ये आयट्यून्सचे दुकान सुरू केले, तेव्हा तिथली गाणी ‘फेअरप्ले’ या कुलपासह मिळत.

विक्रेत्याने दुकान गुंडाळले तर?

मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये जाहीर केले की, ३१ ऑगस्टनंतर एमएसएन म्युझिकवरील गाण्यांना नव्या संगणकासाठी परवानगी मिळणार नाही. म्हणजे संगणक बदलला की पैसे मोजून घेतलेली गाणी मुकी. ग्राहकांच्या संतापानंतर मुदत वाढवण्यात आली. त्याच वर्षी याहूनेही आपले संगीत दुकान बंद केले आणि ग्राहकांना भरपाई देऊ केली.

ही अडचण आता संपली का?

बऱ्याच अंशी. २००७ मध्ये ईएमआय कंपनीची गाणी आयट्यून्सवर कुलपाविना आली, अ‍ॅमेझॉनने एमपी३ विक्री सुरू केली आणि २००९ मध्ये अ‍ॅपलने विक्रीच्या गाण्यांवरील कुलूप काढले. मात्र त्याआधी घेतलेल्या फाइलींचे कुलूप आपोआप निघाले नाही. वर्गणी भरून ऐकायच्या सेवांमधले ‘डाउनलोड’ ही तर खरेदीच नव्हे. वर्गणी थांबली की ते वाजत नाहीत.

कसे तपासावे?

फाइलच्या नावाची शेवटची अक्षरे पाहा. ‘एम४पी’ म्हणजे कुलूप असलेली, ‘एमपी३’ म्हणजे सहसा मोकळी. ‘डब्ल्यूएमए’ दोन्ही प्रकारची असू शकते. विंडोजमध्ये फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ उघडून ‘प्रोटेक्टेड’समोर काय लिहिले आहे ते पाहावे. सर्वात सोपी चाचणी : फाइल दुसऱ्या संगणकावर न्या, इंटरनेट बंद ठेवा, कुठेही लॉगिन न करता व्हीएलसीसारख्या प्लेअरवर लावा. वाजली तर कुलूप नाही.

कुलूप सापडल्यास काय करावे?

आधी विक्रेत्याकडे कुलूपमुक्त प्रत मिळते का, ते पाहावे. सीडीवर उतरवण्याची मुभा असेल, तर ती वापरावी. कुलूप तोडण्याआधी कायदा लक्षात घ्यावा : भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेल्या कलम ६५अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

ही तपासणी दुकान सुरू आहे तोवरच उपयोगाची. ते बंद झाल्यावर कुलूप सापडले, तर किल्ली मागायची कोणाकडे?