एका ओळीचे मोल

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. त्याच अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या जुन्या महाविद्यालयांना आज केंद्र सरकारचे अनुदान मिळते. त्याची वाटणी मुख्यतः तीन आकड्यांवर होते. सरकारी शिष्यवृत्तीवर शिकणारे गरीब विद्यार्थी किती, पदवीधर किती झाले आणि त्यांतले किती जण पाच वर्षांत पुढच्या शिक्षणाला लागले? म्हणजे पदवी हाती दिली की संस्थेची जबाबदारी संपली, असे तिथे होत नाही.

आपल्याकडे अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. पण बुलढाणा जिल्ह्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा कोरकू मुलगा असो की सिंदखेडराजाच्या शेतमजुराची मुलगी, ‘महाडीबीटी’वर अर्ज ज्याचा त्यानेच भरायचा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते. यांत कुठे नाव जुळले नाही की अर्ज परत! महाविद्यालयाने तो वेळेत तपासून पुढे पाठवला नाही, तर त्या घराने वर्षाचा हिशेब कसा जमवायचा?

महाविद्यालये दरवर्षी विद्यार्थ्यांची आकडेवारी सरकारला कळवतातच. त्याच जोडीला प्रत्येकाने एक साधी वही ठेवावी. कोणाचा अर्ज अडला, कोणी शिक्षण सोडले, कोण पुढे गेले, हे नावानिशी लिहावे. कारकुनाला ती एक ओळ वाटेल. त्या मुलीचे मात्र सारे शिक्षण त्या ओळीवर उभे असते.