कराचीतले नारायण जगन्नाथ

या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्रफीत आली आणि दोन दिवस तिथे दुसरा विषयच नव्हता. लाहोरच्या रस्त्यावर एक निवेदक कॉलेजातल्या पोरांना गाठून सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारतो आहे. पाकिस्तानला स्वातंत्र्य कधी मिळालं? नुकतीच मिसरूड फुटलेला एक मुलगा जरा घुटमळतो आणि म्हणतो, पंधरा ऑगस्ट. निवेदक कपाळावर हात मारून घेतो, मागची पोरं खिदळतात आणि मुलगा मान खाली घालतो. आमच्या ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. ‘यांना स्वतःचा वाढदिवससुद्धा माहीत नाही,’ असं कुणीतरी लिहिलं.

मला राग आला, कारण तो मुलगा बरोबर होता.

ब्रिटिश पार्लमेंटने १९४७ साली केलेल्या कायद्यात दोन्ही देशांसाठी तारीख एकच आहे, १५ ऑगस्ट. माउंटबॅटन यांना त्या दिवशी दिल्लीत असणं भाग होतं, म्हणून ते आदल्या दिवशी कराचीत जाऊन तिथल्या संविधान सभेपुढे भाषण करून आले. जीनांनी १५ ऑगस्टला रेडिओवरून देशाला उद्देशून भाषण केलं आणि तोच दिवस पाकिस्तानचा जन्मदिवस म्हणून सांगितला. जुलै १९४८मध्ये निघालेल्या पाकिस्तानच्या पहिल्या स्मारक तिकिटांवरही १५ ऑगस्ट १९४७ हीच तारीख आहे. पहिला वाढदिवस १४ तारखेला साजरा करायचं लियाकत अली खान यांच्या मंत्रिमंडळाने १९४८च्या उन्हाळ्यात ठरवलं. उत्सव कधी करायचा हे ठरवायचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण पुढे पाठ्यपुस्तकांत स्वातंत्र्य मिळालं तेच १४ तारखेला, असं छापलं जाऊ लागलं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर एका शेजाऱ्यांचं उत्तर आलं, ‘मॅडम, तुम्ही त्यांची बाजू कशाला घेता?’

या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे, माझी सगळी नोकरी शाळेत इतिहास शिकवण्यात गेली, आणि रद्दीच्या दुकानातून जुनी क्रमिक पुस्तकं उचलून आणायची माझी सवयही त्यांना ठाऊक आहे. बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाला चूक ठरवलेलं मला बघवत नाही. मग तो मुलगा सांगलीचा असो नाहीतर लाहोरचा. वर्गात असं एकदा घडलं की ते मूल पुन्हा हात वर करत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि इथे तर एका देशाने आपल्या सगळ्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या तेच केलं आहे. त्यात हसण्यासारखं काय आहे?

हे मी म्हणते म्हणून नव्हे. खुर्शीद कमाल अझीझ या पाकिस्तानी इतिहासकारानेच हे सांगितलं आहे. भुट्टोंच्या काळात इतिहास आणि संस्कृतीच्या संशोधनासाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचं काम त्यांच्याकडे होतं. झिया-उल-हक आले आणि अझीझ यांना ते सोडावं लागलं. मग बरीच वर्षं ते परदेशात, कधी खार्टुमला तर कधी हायडेलबर्गला, शिकवत राहिले. १९९३ साली त्यांनी पाकिस्तानातली ६६ पाठ्यपुस्तकं पुढ्यात घेतली, पहिल्या इयत्तेपासून पदवीपर्यंतची. ओळ न्‌ ओळ तपासून कुठे काय खोटं आहे आणि खरं काय आहे, हे त्यांनी लिहून ठेवलं. पुस्तकाचं नाव ठेवलं ‘द मर्डर ऑफ हिस्टरी’. चौदा-पंधरा ऑगस्टची गोष्ट त्यातच आहे. आपल्या शाळांनी मुलांना फसवलं हे स्वतःच्या देशात उभं राहून सांगायला जी छाती लागते, तिच्याबद्दल मला अपार आदर आहे. त्या ६६ पुस्तकांवर वाकून बसलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर येतो तेव्हा मला तो आमच्याच बिरादरीतला, जिवाभावाचा वाटतो.

या पुस्तकांत आहे काय? इतिहास आणि भूगोल हे स्वतंत्र विषय बाजूला पडत गेले आणि त्यांच्या जागी ‘मुतालआ-ए-पाकिस्तान’, म्हणजे पाकिस्तानचा अभ्यास, हा सक्तीचा विषय आला. झियांच्या राजवटीत पुस्तकं लिहिणाऱ्यांना स्पष्ट सूचना होती. देशाचा पाया भाषेत, वंशात किंवा भूगोलात दाखवायचा नाही, तो फक्त धर्मात दाखवायचा. मग देशाची गोष्ट सुरू होते ती इसवी सन ७१२मध्ये मुहम्मद बिन कासिम सिंधमध्ये उतरतो तिथून. आता बघा, मोहेंजोदडो त्याच सिंधमध्ये, हडप्पा पंजाबात, तक्षशिला रावळपिंडीपासून जवळ. इतका जुना, इतका श्रीमंत वारसा ज्या मुलांच्या पायाखाली आहे, त्यांनाच सांगायचं की तुमचं त्याच्याशी नातं नाही. एखाद्या घरातली तिजोरी मुलांना कधी उघडूच न देण्यासारखं हे आहे.

आणि आपण फार हसू नये. आपल्याकडेही २०२३ साली बारावीच्या इतिहासातून मोगल दरबारावरचं प्रकरण काढून टाकलं गेलं. त्या वेळी मी या सदरात लिहिलं होतं आणि मला बरीच रागावलेली पत्रं आली होती. माझं मत आजही तेच आहे. मोगल समजल्याशिवाय शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका मुलांना कशी समजणार? पुस्तक हलकं करायचं तर शब्द कमी करा, माणसं कमी करू नका. सरहद्दीच्या या बाजूचं पुस्तक असलं म्हणून मी त्याला सूट देणार नाही.

पाकिस्तानी पुस्तकांत सगळ्यात मोठी जखम १९७१ची आहे. देशाची पहिली थेट सार्वत्रिक निवडणूक व्हायला १९७० साल उजाडावं लागलं, म्हणजे स्वातंत्र्यानंतर २३ वर्षं. पहिलं संविधान यायलाच १९५६ साल लागलं होतं, आणि दोन वर्षांत लष्कराने तेही गुंडाळून ठेवलं. ७ डिसेंबर १९७०च्या त्या निवडणुकीत ३०० जागांपैकी १६० जागा शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगने जिंकल्या. भुट्टोंच्या पक्षाला मिळाल्या ८१. गणित पहिलीतल्या मुलालाही समजेल असं होतं. पण मुजीब बंगाली होते आणि बंगाल्याच्या हाती देश द्यायची रावळपिंडीतल्या लष्कराची आणि लारकान्याच्या भुट्टोंची तयारी नव्हती. जीनांनी मार्च १९४८मध्ये ढाक्यात जाऊन राष्ट्रभाषा उर्दूच राहील असं बजावलं होतं, तेव्हापासून बंगाली मुलं पेटलेली होती. २१ फेब्रुवारी १९५२ला त्यांतली काही गोळ्यांना बळी पडली. जो निकाल राज्यकर्त्यांनी मानला नाही, तो त्यांना पुस्तकात तरी कसा छापता येईल?

म्हणून पुस्तकांनी दुसरं कारण शोधलं. पूर्व पाकिस्तान का फुटला, याच्या कारणांत पाकिस्तानातली कित्येक पाठ्यपुस्तकं ढाक्याच्या शाळा-कॉलेजांतल्या हिंदू शिक्षकांचं नाव घेतात. त्यांनी म्हणे मुलांची मनं बिघडवली. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ज्यांच्यावर हा आळ घेतला त्यांचं काय झालं हे सगळ्या जगाला माहीत आहे. २५ मार्च १९७१च्या रात्री लष्कर ढाका विद्यापीठाच्या जगन्नाथ हॉलमध्ये शिरलं. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गोविंदचंद्र देव त्याच हल्ल्यात मारले गेले. इंग्रजीचे ज्योतिर्मय गुहठाकुरता गोळी लागून काही दिवसांनी गेले. आणि पाकिस्तानी लष्कराच्या शरणागतीला दोन दिवस उरले असताना, १४ डिसेंबरला, घरातून उचलून नेलेल्यांत नाटककार आणि बंगालीचे प्राध्यापक मुनीर चौधरी होते. ते मुसलमान होते. ज्यांना मारलं ते शिक्षक होते म्हणून मारलं, आणि मारल्यानंतर दोषही शिक्षकांनाच दिला.

खरं तर मला लिहायचं होतं चौदा आणि पंधरा तारखेबद्दल. पण ‘हिंदू शिक्षक’ हे शब्द आले की माझं मन दरवेळी ढाक्याहून कराचीकडे जातं, एका मराठी मास्तरांकडे. त्यांच्याबद्दल कधीतरी लिहायचंच होतं, ते आजच लिहिते.

त्यांचं नाव नारायण जगन्नाथ वैद्य. इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडला. तेव्हापासून १९३६पर्यंत सिंधचा कारभार मुंबईतून चालला. मुंबईच्या बंदरातून बोटीने कारकून, मास्तर, ओव्हरसियर कराचीला जात आणि तिकडे बिऱ्हाडं थाटत. आपले नारायण जगन्नाथ तिथे शिक्षणखात्यात डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर होते. सिंधमधली पहिली सरकारी शाळा १८५५ साली कराचीत सुरू झाली, ती त्यांच्या खटपटीतून.

त्या काळी सिंधी मुलांना शिकवायचं कोणत्या लिपीत, यावरच मोठा वाद होता. कुणी अरबी वळणाची लिपी मागत होतं, कुणी देवनागरी. अखेर १८५३ साली ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपी ठरली. पण व्यापारी घरांतल्या वह्या खुदाबादी लिपीत लिहिल्या जात आणि तिच्यात स्वरांची चिन्हं धड नव्हती. लिहिणाऱ्यालाच पुढे आपलं लिहिलेलं लागेना अशी गत. १८६८ साली नारायण जगन्नाथांनी त्या लिपीला १० स्वर जोडून ती शाळेत शिकवण्याजोगी केली. विचार करा. घरी मराठी बोलणारा एक माणूस परमुलखात जातो, तिथल्या मुलांची भाषा शिकतो आणि त्यांना आपलं नाव नीट लिहिता यावं म्हणून अक्षरं जुळवत बसतो. ती लिपी पुढे मागे पडली, अरबी वळणाचीच टिकली. पण ते श्रम मला फार मोठे वाटतात.

आणि ती शाळा आजही आहे. कराचीच्या जुन्या बंदर रोडवर, ज्याला आता एम. ए. जीना रोड म्हणतात, त्या रस्त्यावर तिची दगडी इमारत उभी आहे आणि नाव आहे एन.जे.व्ही. हायस्कूल, म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल. फाळणीनंतर कराचीत किती नावं बदलली! रामबागेचा आरामबाग झाला, एल्फिन्स्टन स्ट्रीटची झैबुन्निसा स्ट्रीट झाली. पण मास्तरांचं नाव तसंच राहिलं. कराची देशाची राजधानी असताना संविधान सभेने सिंध विधानसभेची इमारत घेतली, तेव्हा सिंधचे आमदार या शाळेच्या इमारतीत बसून कायदे करत होते. आज सिंध सरकारबरोबर ‘अखुवत’ ही संस्था ही शाळा चालवते आणि गरीब घरची मुलं तिथे शिकतात. सिंधी गृहस्थाच्या नावाचं दयाराम जेठमल कॉलेज आणि पारशी दात्याच्या नावाचं एन.ई.डी. अभियांत्रिकी विद्यापीठही कराचीत त्याच नावांनी चालू आहेत. ही दोन्ही कॉलेजं एके काळी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती.

मुंबई विद्यापीठावरून आणखी एक गोष्ट आठवली. १९१६ साली टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला मुंबई हायकोर्टात जीनांनी लढवला आणि जिंकला, हे आपल्या मुलांना थोडंबहुत सांगितलं जातं. पण ३० मे १९३९ रोजी त्यांनी केलेलं मृत्युपत्र फारसं कुणी सांगत नाही. त्यात मुंबई विद्यापीठाला ५० हजार रुपये आहेत आणि मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लाम शाळेला २५ हजार. नातलगांना आणि अशा संस्थांना देऊन उरेल त्याचे तीन वाटे करायचे होते. एक अलीगढ विद्यापीठाला, एक पेशावरच्या इस्लामिया कॉलेजला आणि एक ते स्वतः जिथे शिकले त्या कराचीच्या सिंध मदरसाला. पाकिस्तान झाल्यावरही हे मृत्युपत्र त्यांनी बदललं नाही. त्यांच्या राजकारणाने आपलं केवढं नुकसान झालं हे मला कुणी सांगायला नको. ते मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आहे. पण कमावलेला पैसा शाळा-कॉलेजांना देऊन गेलेला हा संस्थापक त्यांच्या देशाच्या पुस्तकांत मला कधी सापडत नाही. त्याच माणसाने ११ ऑगस्ट १९४७ला, धर्माचा आणि राज्यकारभाराचा संबंध नाही असं सांगणारं भाषण केलं होतं. त्या संविधान सभेचे हंगामी अध्यक्ष जोगेंद्रनाथ मंडल हे बंगालमधले दलित नेते होते. तेच देशाचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५०मध्ये राजीनामा देऊन हिंदुस्थानात निघून आले.

२०१० साली पाकिस्तानने संविधानात दुरुस्ती करून ५ ते १६ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०२४च्या मे महिन्यात त्यांच्या पंतप्रधानांना शैक्षणिक आणीबाणी जाहीर करावी लागली, कारण तेव्हाही सुमारे २ कोटी ६० लाख मुलं शाळेबाहेर होती. आणि जी शाळेत आहेत त्यांचं काय? २०२१ साली पंजाबच्या पाठ्यपुस्तक मंडळाने सातवीची पुस्तकं दुकानांतून जप्त केली. महत्त्वाच्या व्यक्तींच्या पानावर मलालाचा फोटो होता, हे कारण. शाळेत जाण्यासाठी डोक्यात गोळी झेललेल्या, नोबेल मिळवलेल्या मुलीचा फोटो! मला हे लिहितानाही संताप येतो.

कराचीहून १९४७-४८ साली मुंबईला, पुण्याला, कोकणात परतलेली मराठी कुटुंबं आपल्यात आहेत. काही घरं मागे राहिली आणि आजही कराचीत गणपती बसवतात. वाचकांपैकी कुणाच्या आजोबा-पणजोबांनी एन.जे.व्ही.मध्ये शिकवलं किंवा शिकलं असेल तर मला जरूर कळवा. शाळा सोडल्याचा दाखला, बक्षिसाचं पुस्तक, वर्गाचा फोटो, जे असेल ते. झेरॉक्स पाठवली तरी चालेल, मूळ कागद घरीच जपून ठेवा. त्या शाळेत आज शिकणाऱ्या मुलांपर्यंत हे कागद पोचवायची वाट मी शोधते आहे. त्यांच्या दारावर ज्यांचं नाव आहे ते मास्तर कुठले होते आणि त्यांनी काय केलं, हे त्यांना पुस्तकातून नाही तरी असं कळेल.