घाट चढायचाय? आधी दाते मोजा!

दोस्तांनो, शर्यतीच्या रस्त्यात घाट आहे असं कळलं, की घराघरांत एक वाद ठरलेला. पोरं म्हणतात, "गिअरची सायकल घेऊन द्या, नाहीतर मी भागच घेत नाही." आई-बाबा म्हणतात, "आहे ती काय वाईट आहे?" खरं कोणाचं? आज त्याचाच निकाल लावू. त्यासाठी पैसे नकोत. एक काठी, पाण्याची बाटली आणि थोडे पाढे एवढं पुरे.

आधी रस्ता बघा

आपला जिल्हाच घ्या. नगरचं २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण घाट आहेत तिथेच आहेत. पाथर्डी रस्त्यावर करंजी घाट, पुणे-नाशिक रस्त्यावर संगमनेरजवळ चंदनापुरी घाट. आणि अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालणारा शेंडी, रतनवाडी, साम्रद, घाटघर असा रस्ता. घाटात एकदा चढ लागला की माथ्यापर्यंत चढच. भंडारदऱ्याला मात्र चढ, उतार, पुन्हा चढ. दोन्हीकडे एकच सायकल सारखी कामाला येईल असं नाही.

चढ किती आहे हे मोजता येतं, बरं का! एक मीटर लांबीची काठी घ्या. तिचं एक टोक चढाच्या वरच्या अंगाला टेकवा, दुसरं उचलून काठी आडवी धरा. अर्धी भरलेली बाटली काठीवर आडवी ठेवली, की पाण्यावरून काठी समतल आहे का ते कळतं. आता उचललेल्या टोकाखाली रस्ता किती खोल आहे ते पट्टीनं मोजा. ६ सेंटीमीटर भरले तर चढ शेकडा ६. म्हणजे १०० मीटर गेलात की ६ मीटर वर. हा प्रयोग गावातल्या शांत चढावर, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन करा. हायवेवर मुळीच नको.

आता दाते

सायकल पालथी करा. पायडलजवळच्या मोठ्या चक्राचे दाते मोजा, मग मागच्या फ्रीव्हीलचे. समजा पुढे ४४ आणि मागे १८ भरले. ४४ भागिले १८ म्हणजे सुमारे २.४४. पायडलचा एक पूर्ण फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २८ इंची चाकाचा घेर साधारण २.२ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात तुम्ही ५.४ मीटर पुढे.

मागे १८ ऐवजी २२ दात्यांचं फ्रीव्हील बसवलं तर? चाक बरोबर दोनदा फिरेल आणि तुम्ही ४.४ मीटर जाल. एका फेऱ्यात मीटरभर कमी, पण पायाला लागणारा जोर जवळजवळ पाचव्या हिश्शानं कमी! फुकट काही नाही हं. ४ किलोमीटरच्या चढाला ७४० च्या जागी ९१० फेरे मारावे लागतील. पण उभं राहून, दात-ओठ खात मारलेल्या ७४० फेऱ्यांपेक्षा सीटवर बसून मारलेले ९१० फेरे परवडतात.

हे फ्रीव्हील सायकलच्या दुकानात मिळतं. चेन थोडी वाढवावी लागेल, ते काम दुकानदारावर सोपवा. मात्र शर्यतीत घाट थोडा आणि सपाट रस्ता जास्त असेल, तर २० दाते बरे. मिनिटाला ८० फेरे मारले तर १८ दात्यांवर ताशी २६ किलोमीटर वेग मिळतो, २२ वर २१ च.

याला जुगाड समजू नका. फ्रान्समधली ‘टूर द फ्रान्स’ ही जगप्रसिद्ध शर्यत १९०३ साली सुरू झाली, पण चालता चालता गिअर बदलायची परवानगी तिथे १९३७ साली मिळाली. तोपर्यंत वीर काय करत? मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं असत. घाटाच्या पायथ्याशी उतरायचं, चाक काढायचं, उलटं बसवायचं आणि पुढे निघायचं!

वजन कुठून काढाल?

आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. खोपोली समुद्रसपाटीपासून १०० मीटरच्या आत, लोणावळा ६०० च्या वर. म्हणजे स्वतःला आणि सायकलला सात कुतुबमिनारांइतकं उचलायचं! मग वजन महत्त्वाचं ठरणारच.

तुम्ही ४० किलोचे आणि सायकल २० किलोची, असं धरू. घाटाला १२ मिनिटं लागतात. सायकल १० किलोची असती तर तेवढ्याच जोरात १० मिनिटं लागली असती. हा फरक मोठा आहे, त्याला पैसेही मोठे लागतात. पण स्टँड, कॅरिअर, बास्केट, कुलूप यांचे दोन किलो उतरवले तरी २४ सेकंद वाचतात, आणि तेही फुकट. घंटी आणि ब्रेक मात्र काढायचे नाहीत!

चाकांचं काय?

हलक्या चाकांचं फार कौतुक ऐकाल. जागेवरून वेग घेताना रिम-टायरचं वजन साधारण दुप्पट जाणवतं हे खरं. पण एका लयीत घाट चढताना रिममधला अर्धा किलो आणि दप्तरातला अर्धा किलो सारखाच. म्हणून चाक महाग आहे का, हे नंतर बघा. आधी ते सरळ फिरतं का बघा. चाक फिरवून रिमजवळ खडू धरा. खडू एकाच जागी घासला तर चाकाला आऊट आहे, तो काढून घ्या. तारा सैल नकोत. हवा भरपूर हवी, पण टायरवर लिहिलेल्या मर्यादेतच.

अॅल्युमिनियमची रिम मिळाली तर जरूर घ्या, कारण वजनापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ब्रेक. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकरबर घसरतं आणि गाडी लवकर थांबत नाही. चढलेला घाट उतरायचाही असतो ना! झिजलेली रबरं बदला, ब्रेक वळणाआधी लावा, दोन्ही मिळून लावा. आणि हेल्मेटशिवाय घाट नाही म्हणजे नाही.

आई-बाबांसाठी

मूल नेमानं शर्यतीत उतरत असेल, आणि रस्ता भंडारदऱ्यासारखा चढ-उताराचा असेल, तर गिअरची सायकल जरूर घ्या. पण ‘२१ गिअर’ या स्टिकरवर जाऊ नका. दुकानातही दातेच मोजा. पुढचं सर्वांत लहान चक्र आणि मागचं सर्वांत मोठं चक्र जितके जवळजवळ सारख्या दात्यांचे, तितका चढ सोपा. शॉकअप आणि जाडजूड टायर दिसायला झोकदार असले, तरी डांबरी घाटात ते ओझंच.

आणि गणवेश घेतो तशी ‘वाढत्या अंगाची’ सायकल घेऊ नका. दांडीवर उभं राहिल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मोठ्या सायकलवर जोरही लागत नाही आणि उतारावर तोलही राहत नाही.

तेव्हा दोस्तांनो, गिअरचा हट्ट धरण्याआधी या रविवारी सायकल पालथी करा. पुढचे दाते भागिले मागचे दाते, उत्तर वहीत लिहा. अडीचच्या आसपास आलं, तर बाबांकडे आधी फ्रीव्हील मागा. ते घेऊन महिनाभर चढावर सराव करा. तरीही पाय अडत असेल, तर गिअरची सायकल मागताना तुमच्या हातात हट्ट नसेल, हिशोब असेल. आणि हिशोबाला नाही म्हणणं आई-बाबांना जरा जडच जातं!