शाळेत नेट आलं, पण राऊटरचा पासवर्ड कुणाकडं?

गंगापूर : ग्रामीण भागातल्या सगळ्या सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात झाली. घोषणा माध्यमिकची आहे. वस्तीवरची चौथीपर्यंतची शाळा त्यात धरलेली नाही; तिला लोकवर्गणी, ग्रामपंचायत नाहीतर सरांचा खिसा.

नेटनं फरक पडतो का? आपल्याच जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या झेडपी शाळेतली पोरं 2020 मध्ये नेटवरून जपानी शिकत होती, तेही रोबोटिक्सच्या आवडीपोटी. गावाला धड रस्ता नव्हता.

2024-25 च्या यूडायस आकडेवारीनुसार देशातल्या 63.5 टक्के शाळांत इंटरनेट आहे. हा आकडा जोडणीचा. राऊटर कुणी लावला, चालू कोण ठेवतं, हे त्यात येत नाही. बहुतेक ठिकाणी ज्या गुरुजींना मोबाईल जरा बरा जमतो, त्यांच्याच गळ्यात हे काम पडतं.

काम अवघड नाही, पण चुका ठरलेल्या आहेत. नेट बंद पडलं की पहिला हात रिसेटच्या बारीक छिद्राकडं जातो. तिथं पिन दाबून धरली की वायफायच्या नावाबरोबर कंपनीनं भरलेली लाईनची माहितीही पुसली जाऊ शकते. मग टेक्निशियनची वाट बघत बसा. आधी दिवे बघावेत. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर दोष बाहेरच्या लाईनचा, सेटिंग बदलून उपयोग नाही.

दुसरी चूक पासवर्डची. राऊटरला पासवर्ड दोन असतात, एक वायफायचा, दुसरा सेटिंग उघडण्याचा. पहिला बदलतात, दुसरा कंपनीचा तसाच राहतो. वायफायचा एकाला कळला की गावाला कळतो, अन् वर्गातला व्हिडिओ नुसता गोल फिरत राहतो. डीएनएसच्या रकान्यात 1.1.1.3 टाकलं तर नको त्या साईट बऱ्याच अंशी अडतात, तेही फुकटात.

खरी गोची बदलीच्या वेळी होते. चार्ज देताना कपाटाच्या चाव्या, डेडस्टॉक रजिस्टर सही करून दिलं जातं. राऊटर डेडस्टॉकला चढतो, पासवर्ड मात्र जुन्या सरांच्या डोक्यात जातो. तो बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडं ठेवून चार्ज यादीत एक ओळ वाढवली तर पैसाही लागत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनी हे पाकीट आहे का, एवढं विचारायला हरकत नाही.