गॅस भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

उन्हाळा तोंडावर आला की गॅरेजांबाहेर पाट्या लागतात, 'एसी गॅस भरून मिळेल'. गाड्यांच्या धंद्यात याहून महागडी थाप नसेल.

एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, वापरून संपायला. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ एकच, कुठूनतरी गळाला. रबरी होजमधून वर्षानुवर्षे किंचित झिरपतो हे मान्य, पण दर उन्हाळ्यात थंडावा जातो ते झिरपणं नव्हे. सर्व्हरची मेमरी गळते म्हणून तो रोज रात्री रीस्टार्ट करणारे महाभाग आमच्या धंद्यातही आहेत. फक्त त्याला कुणी दुरुस्ती म्हणत नाही!

मागच्या एसीच्या बाबतीत तर ही थाप फारच सहज खपते. बऱ्याच सात सीटर गाड्यांत मागच्या लोकांसाठी वेगळी कूलिंग कॉइल असते (पुस्तकी नाव इव्हॅपोरेटर), छतात किंवा मागच्या पॅनेलच्या आत. तिला स्वतःचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ब्लोअर. पातळ ॲल्युमिनियम, त्यावर कायम ओल आणि धूळ. कुजणार नाही तर काय? पण ती दिसत नाही, म्हणून कुणी बघत नाही.

माझ्या मेव्हण्याच्या गाडीत सलग तीन उन्हाळे गॅस भरला गेला. चौथ्या वर्षी एका शहाण्या मेकॅनिकने मागचं पॅनेल खोललं, नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावलं, तर कॉइलच्या कोपऱ्यावर बुडबुडे. तोवर कॉम्प्रेसर आवाज करू लागला होता. कारण त्याला वंगण देणारं तेल गॅसबरोबरच फिरतं आणि गॅसबरोबरच बाहेर पडतं.

"साहेब, कॉइल बदलणं गिऱ्हाइकाला परवडत नाही," हे नेहमीचं उत्तर. अहो, पण तीनदा गॅस आणि वर कॉम्प्रेसर परवडतो का? आणि गिऱ्हाइकाला विचारलं होतं कुणी?

बरं, कॉइल बदलली म्हणजे झालं असंही नाही. उरलेला गॅस मशीनने काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. पाइप सुटताच तोंडं बंद करायची, कारण आतलं तेल हवेतली ओल शोषतं. ओ-रिंग नव्या. ड्रायर नवा. जुन्या कॉइलबरोबर गेलेलं तेल मोजून भरायचं. मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम, आणि पंप बंद केल्यावर काटा जागेवर राहतो का ते बघायचं. शेवटी स्टिकरवर लिहिलेला गॅस वजनकाट्यावर मोजून. 'हाताला गार लागतंय' हे मोजमाप नव्हे. आणि गळती बुजवणारं औषध आत ओतणाऱ्याला तर गाडीला हातही लावू देऊ नका, ते व्हॉल्व्हमध्येही अडकू शकतं.

प्रश्न फक्त खिशाचा नाही. आजही रस्त्यावरच्या असंख्य गाड्यांत आर-१३४ए आहे. शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा एक किलो म्हणजे सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइड. अर्धा किलो गळाला तर सातशे किलोच्या वर! अशा वायूंसाठी २०१६ मध्ये किगालीचा करार झाला आणि भारताने तो २०२१ मध्ये स्वीकारला. आपल्याकडे वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा आहे. म्हणजे एकीकडे देश ग्रॅमचा हिशेब मांडणार आणि दुसरीकडे आपण दर उन्हाळ्यात तोच गॅस भोक पडलेल्या कॉइलमध्ये ओतणार.

असो. या वर्षी कुणी "गॅस भरून देतो" म्हणालं तर एवढंच विचारा, "आधीचा गळला कुठून?" उत्तर आलं नाही तर गाडी वळवा आणि दुसरं गॅरेज गाठा.