कायदा आपण केलात, तो लावणार कोण?

प्रति,
मा. मुख्यमंत्री तथा गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांचं प्रकरण आपल्याला नव्याने सांगायला नको. ६ फेब्रुवारी २०२३ च्या सकाळी त्यांची बातमी छापून आली : प्रस्तावित रिफायनरीचा एक समर्थक, गुन्हे दाखल असलेला, राजापुरातल्या फलकावर पंतप्रधान, मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्र्यांसोबत झळकतो आहे. त्याच दुपारी कोदवलीच्या पेट्रोल पंपाजवळ थार गाडीने वारिशे यांची स्कूटर उडवली, त्यांना फरफटत नेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात त्यांचा मृत्यू झाला. बातमी ज्याच्यावर होती, त्यालाच पोलिसांनी अटक केली. खुनाचं कलम मात्र लागलं ते पत्रकार रस्त्यावर उतरल्यावर. आधी सदोष मनुष्यवधावर भागवलं होतं.

त्या फलकावरचे उपमुख्यमंत्री आपणच होतात आणि गृहखातंही आपल्याकडेच होतं. आपल्याला न विचारता कोणीही आपला फोटो लावतो, हे मान्य. पण अशा फोटोंचा गावात काय दरारा असतो, हे मुंबईत बसून कळत नसेल तर ऐका : तलाठ्यापासून हवालदारापर्यंत सगळे आधी फलक बघतात, मग तक्रार.

आपण एसआयटी नेमलीत, सरकारने कुटुंबाला २५ लाख जाहीर केले. आमचा सवाल त्याच्या आधीचा आहे. माणूस मरायच्या आधी कायदा कुठे असतो?

पत्रकारांवरचे हल्ले रोखणारा कायदा आहे. आपण मुख्यमंत्री असताना एप्रिल २०१७ मध्ये विधिमंडळाने तो मंजूर केला, २०१९ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. पत्रकारावर हल्ला केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. आणि तक्रार खोटी ठरली तर पत्रकारालाही तीच ३ वर्षं, तोच ५० हजारांचा दंड, वर अधिस्वीकृती रद्द. मार खाल्लेल्या माणसाने ठाण्याची पायरी चढण्याआधी दहा वेळा विचार करावा, अशी सोय कायद्यातच करून ठेवली आहे.

वाळूच्या बातमीवरून मला मारहाण झाली, तेव्हा मी हा कायदा लावा म्हणालो. ठाणे अंमलदाराने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "असा कायदा आहे? प्रत आणा." रात्री कुठून प्रत आणणार? शेवटी एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहिली गेली. दोन दिवसांनी माझ्याविरुद्ध खंडणीचा अर्ज आला. त्याला मात्र कोणी प्रत मागितली नाही. तालुक्याच्या पत्रकारितेत हा नेहमीचा डाव आहे : आधी मारायचं, मग खंडणीत अडकवायचं. आणि आमच्यातल्या बहुतेकांकडे नेमणूकपत्र नाही, पगार नाही, जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं. "तुम्ही पत्रकार कशावरून?" या प्रश्नापाशीच आमचा कायदा संपतो.

वारिशे गेले त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाचोऱ्याच्या सत्ताधारी आमदारांनी एका पत्रकाराला फोनवर आईबहिणीवरून शिव्या दिल्या आणि हो, दिल्या, असं उघड सांगितलं. काही दिवसांत त्या पत्रकाराला भर रस्त्यात मारहाण झाली. तेव्हा राज्यभरात पत्रकारांनी याच कायद्याच्या प्रतींची होळी केली. जो कायदा आम्हीच वर्षानुवर्षं मागितला होता, तो जाळण्याची वेळ आमच्यावर आली. आमदारही आपल्या आघाडीचे, पोलीसही आपले. त्यामुळे जबाबदारी दुसऱ्या कोणावर ढकलता येणार नाही.

पत्रकारांच्या दर १०० खुनांपैकी ८५ प्रकरणांत जगभरात न्याय होत नाही, असं युनेस्को सांगते. मुंबईत जे. डे यांचा खून जून २०११ मध्ये झाला, निकाल मे २०१८ मध्ये लागला. राजधानीतल्या नावाजलेल्या पत्रकारासाठी ७ वर्षं लागली, तर राजापूरच्या वार्ताहराच्या घरच्यांनी किती धीर धरायचा?

आता आश्वासन नको. हा कायदा लागू झाल्यापासून कोणत्या जिल्ह्यात किती गुन्हे त्याखाली नोंदले गेले, किती आरोपपत्रं गेली, किती जणांना शिक्षा झाली, हे आकडे विधिमंडळाच्या पटलावर ठेवा. एनसीवर बोळवण करणाऱ्या अधिकाऱ्याचं उत्तर लेखी घ्या. पत्रकारालाच शिक्षा देणारं कलम काढा. नेमणूकपत्र नसलेल्या वार्ताहराला कायद्यात नाव घेऊन जागा द्या. आणि वारिशे खटल्याची सुनावणी रोजच्या रोज व्हावी म्हणून सरकारी वकिलांमार्फत न्यायालयात अर्ज करा.

आपला,
एक तालुका वार्ताहर, रत्नागिरी जिल्हा