दारू सुटली, मालक सुटला नाही

हे लिहू नको असं मला चौघांनी सांगितलं. त्यातल्या दोघांनी हात जोडले. म्हणाले, गट बदनाम होईल, पोट्टे पुन्हा भट्टीवर जातील. मी चार महिने गप्प बसलो. आता लिहितो.

मी हिंगण्याचा. एमआयडीसीत कंत्राटी. अकरा वर्षं माझं नाव कंत्राटदाराच्या रजिस्टरात होतं, कंपनीच्या रजिस्टरात एक दिवसही नव्हतं. दुसरी पाळी सुटली की पाय आपोआप भट्टीकडे. एक पव्वा, मग दुसरा पव्वा, मग उधारी. माझा आजा 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या त्या मैदानावर उभा होता. बावीस प्रतिज्ञांतली सतरावी दारूची. आज्यानं ती पाळली, बापानं अर्धी पाळली, मी रोज सकाळी घ्यायचो आणि संध्याकाळी मोडायचो. बायको दोन लेकरं घेऊन माहेरी गेली तेव्हा ओळखीच्या एकानं मला बारा पायऱ्यांवर चालणाऱ्या एका गटात नेलं. गटाचं नाव घेत नाही, माणसाचंही घेत नाही. अनामिकतेचा नियम मी पाळतो. ज्यांनी त्याचा बुरखा केला त्यांच्यासाठी नाही, जे तिथं जीव वाचवायला येतात त्यांच्यासाठी.

खरं ते आधी बोलतो. गटानं मला जगवलं. पहिल्या दिवशी मी थरथरत उभा राहिलो, नाव सांगितलं, मी मद्यपी आहे म्हणालो, आणि वीस माणसांनी माझं नाव परत उच्चारलं. कंपनीत मला कुणी नावानं हाक मारत नव्हतं. त्या रात्री मी रडलो. म्हणूनच पुढचं सगळं मी सहन केलं.

मला स्पॉन्सर मिळाला. वयस्कर, रिटायर, कॉलनीत बंगला, पंधरा वर्षं सोबर. ही पंधरा वर्षं म्हणजे तिथली जात. ज्याची वर्षं जास्त तो वर, कालचा आलेला खाली. सकाळी सहाला फोन कर म्हणाले, केला. त्याचा उपयोगही झाला. मग पगार कसा खर्च करायचा ते विचारून करायचं. मग बायकोला आणायला जायचं की नाही तेही विचारायचं. ते म्हणाले, आत्ता नाही. मी सात महिने गेलो नाही. मग रविवारी त्यांच्या कम्पाउंडची भिंत. रेती वाहिली, सिमेंट कालवलं. मजुरी? अरे, ही सेवा आहे, हिच्यानं अहंकार गळतो.

सेवा! हा शब्द ऐकला की आपल्या माणसाचे कान उभे राहिले पाहिजेत. आपल्या बापजाद्यांकडून गावानं फुकट राबवून घेतलं, तेव्हाही कुणी त्याला वेठ म्हणत नव्हतं.

चौथी पायरी आली. आपला झाडा घ्यायचा, मनात कुणाकुणाबद्दल राग आहे ते लिहायचं. मी लिहिलं. शाळेत मागं बसवणारा मास्तर. माझा ग्लास वेगळा ठेवणारा सुपरवायझर. त्यांनी वही वाचली, चष्मा काढला. "हे जातीचं रडगाणं सोड बे. राग हाच तुमच्या लोकांचा रोग आहे. याच्यात तुझा वाटा काय ते लिही."

माझा ग्लास वेगळा ठेवला, त्यात माझा वाटा काय? सांगायला शरम वाटते मित्रहो, पण मी लिहिलं. लिहिलं, माझा अहंकार.

पाचव्या पायरीला मी त्यांना सगळं सांगितलं. चोरी, बायकोवर उचललेला हात, आणखीही. त्यानंतर मी कधी नाही म्हणालो की ते हळूच म्हणायचे, "तुझं सगळं माझ्याजवळ आहे, ध्यानात ठेव." पायऱ्यांत लिहिलंय, ईश्वर ज्याला जसा समजला तसा. मी म्हणालो, मी ईश्वर मानत नाही, मला धम्म समजतो. ते हसले आणि मला फोटोपुढं वाकायला लावलं. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या बंद करायला लावल्या. म्हणाले, गोळी म्हणजे कोरडी दारू. मी गोळ्या नालीत फेकल्या. पुढं वीस दिवस झोप नाही. एका रात्री विहिरीच्या काठावरून मेव्हण्यानं मला ओढून आणलं. फोनवर साहेबांचा निकाल तयार होता: "तू प्रामाणिक नव्हतास."

गटात एक विधवा बाई यायची. तिच्या स्पॉन्सरनं तिच्याकडून काय मागितलं ते तिनं उभं राहून सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, इथं दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आपल्याबद्दल बोला. ती पुन्हा आली नाही. मी तिथं बसलेलो होतो, चहाचा कप हातात घेऊन.

आता त्यांच्याच पोथीचं बघू. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघं दारुडे, समोरासमोर बसले आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू झालं. एकानं दुसऱ्याला आधार दिला, त्यात मालक कुणीच नव्हता. बारा पायऱ्यांत स्पॉन्सर हा शब्दच नाही, शोधून बघा. त्यांची दुसरी परंपरा सांगते की पुढारी हा विश्वासू सेवक आहे, राज्यकर्ता नव्हे. गोळ्यांच्या बाबतीत तर संस्थेचं पत्रकच आहे की कुठल्याही सदस्यानं डॉक्टर बनू नये. म्हणजे हा माणूस त्याच्या धर्माप्रमाणेही पापी!

आणि हे एकट्या नागपुरात घडत नाही. याच चळवळीतून निघालेल्या चार्ल्स डेडरिकनं 1958 मध्ये कॅलिफोर्नियात सिनॅनॉन काढलं, गर्दुल्ल्यांना सोडवायला. पुढं तिथं माणसांची डोकी भादरली, पुरुषांच्या नसबंद्या करवल्या, जोड्या मोडून नव्या लावल्या. 1978 मध्ये त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत जिवंत विषारी साप ठेवला गेला. 2007 मध्ये वॉशिंग्टनच्या मिडटाऊन गटाबद्दल वर्तमानपत्रांत आलं: कोवळ्या पोरींना म्हाताऱ्या सदस्यांकडं ढकलतात, गोळ्या बंद करतात, घरच्यांशी तोडतात, असे आरोप. बुडणाऱ्याचा हात ज्याच्या हातात असतो त्याला विचारणारं कुणी नसलं की हे होतं. आपल्याकडं माणसं ठेवून घेणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांना 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तरी लागतो. साखळीनं बांधायचं नाही, जबरीनं काम करवायचं नाही, असं त्यात लिहिलं आहे. सतरंजीवर तासभर बसणाऱ्या गटाला कोण विचारतो?

तुम्ही म्हणाल, सवर्णाचा गट, दुसरं काय होणार! थांबा. मी तो गट सोडला आणि वानाडोंगरीकडच्या आमच्या विहारात आमचाच गट काढला. फोटो बाबासाहेबांचा, वंदना आपली. आणि मी झालो भाऊ. चार वर्षं सोबर असलेला भाऊ! इसासनीचा एक पोट्टा माझ्याकडं आला, एकवीस वर्षांचा, मोबाइलच्या दुकानात कामाला. मी त्याला पहाटे फोन करायला लावला. माझी गाडी धुवायला लावली. भीमजयंतीच्या तयारीला आला नाही म्हणून भरल्या बैठकीत मी त्याची पाचवी पायरी फोडली, त्याच्या बहिणीच्या पेटीतून त्यानं पैसे काढले होते ती गोष्ट. सगळे हसले. तो उठला, चप्पल घातली आणि गेला. आता रोज भट्टीवर असतो. मालक बामणाचा असो की आपला, कातडं तेच सोलतो, आणि या वेळी सुरा माझ्या हातात होता.

25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं, कितीही मोठ्या माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नका. आपण ते भाषण जयंतीला वाचतो आणि खाली उतरून कुणातरी भाऊच्या पाया पडतो. बुद्धानं मागं गादी ठेवली नाही, धम्मच शास्ता म्हणून ठेवला. विनयात उपाध्यायानं आजारी शिष्याची सेवा करायची आहे, शिष्यानं त्याची करायची आहे तशीच. दोन्हीकडून! माझी गाडी धुणाऱ्या पोराला ताप आला तेव्हा मी कुठं होतो? मोर्च्यात. फोटो आहे माझा.

म्हणून विहारातला गट आम्ही नव्यानं बसवतो आहोत. कुणाची वर्षं भिंतीवर लिहिली जाणार नाहीत. एका माणसाच्या हाती एका माणसाची सगळी गुपितं नाहीत. पैसा, काम, लग्न, गोळी, या चार गोष्टींत कुणी बोलायचं नाही. गोळीचं डॉक्टरला विचारायचं. बायांची बैठक बाया चालवतील, आणि तक्रार आली तर नाव घेऊनच बोललं जाईल. दर तीन महिन्यांनी चालवणारा बदलेल. काही जण म्हणतात, एवढी लोकशाही दारुड्याला झेपत नाही. आपल्याबद्दल हे वाक्य पूर्वीही कुणीतरी म्हणालं होतं.

पहिल्या बैठकीत मी इसासनीच्या त्या पोराचं नाव न घेता माझं नाव घेऊन मी काय केलं ते सांगणार आहे. त्याच्याकडं मी तीनदा जाऊन आलो. दोनदा त्यानं दार उघडलं नाही. तिसऱ्यांदा त्याच्या बहिणीनं उघडलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "भाऊ, तो येईन तेव्हा येईन. तुमी नका येत जाऊ."